गरम कुप्या

सून घरीच चेहऱ्याला लावायचं तेल करून विकायची. त्यासाठीच्या काचेच्या कुप्या धुऊन उकळायचं काम सासूबाईंनी हट्टाने आपल्याकडे घेतलं होतं. खळखळ उकळलेल्या कुप्या त्या पांढऱ्या फडक्यावर पालथ्या घालायच्या आणि मगच दुपारच्या आडव्या व्हायच्या. पण उठून पाहावं, तर केव्हाच्या वाळलेल्या कुप्या पुन्हा ओल्या आणि हाताला कढत. आपल्यामागे कुणीतरी त्या परत उकळतंय, हे कळायला काही शाळेची पायरी चढावी लागत नाही.

"तीन पोरं वाढवली या हातांनी," त्यांनी सुनेला ऐकवलं. "आता कुप्या धुवायची अक्कल तुझ्याकडून घ्यायची."

"आई, मी कशाला परत उकळू?"

"नाही गं, कुप्याच चालत जाऊन पातेल्यात बसत असतील."

घरूनच नोकरी करणारा मुलगा मात्र त्यांच्या बाजूचा. "जाऊ दे गं आई, तिला काय कळतंय," एवढं तो म्हणाला, की त्यांना मूठभर मांस चढायचं.

आज त्या नुसत्याच डोळे मिटून पडल्या. काच किणकिणली तशा जिभेला धार लावून स्वयंपाकघरात शिरल्या.

पातेल्यापाशी चिमटा घेऊन मुलगा उभा होता. सून पलीकडच्या खोलीत लेबलं चिकटवत होती. सासूबाईंनी तोंड उघडलं, तसा तो घाईने पुटपुटला,



"हळू बोल आई. तिचा अजून तुझ्या हातावर विश्वास आहे."