बिनबाह्यांचं

प्लॅस्टरवरून स्वेटरची बाही जाईना, म्हणून माणिकने नातीसाठी पाँचो विणायला घेतला. बाह्या नाहीत, बटणं नाहीत. डोक्यातून घातला की झालं. बोरीवलीत नॅशनल पार्काच्या कडेला राहायचं म्हणजे जानेवारीत सकाळी दार उघडलं तरी अंगावर काटा येतो आणि प्रांजल तीन दिवस नुसत्या फ्रॉकवर होती.

पिवळी लोकर, क्रोशाची जाड सुई. गळ्यापासून सुरुवात केली होती, आता शेवटची ओळ राहिली होती. पण आज टाके इतके घट्ट पडत होते, की सुई आत शिरेना. दोनदा ओळ उसवली. तिसऱ्यांदा घातली तीही तशीच.

नितेश आरशासमोर उभा राहून शर्टाच्या बाह्या दुमडत होता.

"आई, अकराची अपॉइंटमेंट आहे. डॉक्टरांनी विचारलं तर पलंगावरून पडली, एवढंच. उगाच पाल्हाळ नको."

माणिकने सुई टाक्यात रेटली. मंगळवारी प्रांजलच्या हातून दूध नितेशच्या लॅपटॉपवर सांडलं, तेव्हा ती याच खुर्चीत बसली होती. नितेशने पोरीचा हात धरलेला तिने पाहिला, पिरगळलेला पाहिला. त्या रात्री डॉक्टरसमोर तो "पलंगावरून" म्हणाला, तेव्हा सुनेने मान खाली घातली आणि माणिकने भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. अख्खं वाचलं. संकष्टी कधी आहे ते तिला अजून पाठ होतं.

"आणि पोरीला विचारलं तर?" तिने आता विचारलं.

"तिला सांगितलंय ना मी. प्रांजल, सांग बघू आजीला."

चार वर्षांची प्रांजल खेळ सोडून उठली. बालवाडीत कविता म्हणायला उभी राहते, तशी पाय जुळवून उभी राहिली. प्लॅस्टरचा हात गळ्यातल्या झोळीत होता, म्हणून एकाच हाताने हावभाव करत म्हणाली, "मी पलंगावर उड्या मारल्या. मी धपकन पडले. माझीच चूक होती."

म्हणून झाल्यावर तिने बापाकडे पाहिलं. बापाने अंगठा दाखवला. ती हसली.

माणिकने सुई मांडीवर ठेवली. पहिली दोन वाक्यं ती गिळू शकली असती. मंगळवारपासून गिळतच होती. पण हे तिसरं?

"शेवटचं कोणी शिकवलं गं?"

"पप्पांनी."

स्वयंपाकघराच्या दारात सून श्रुतिका ओले हात तसेच धरून उभी होती. माणिकने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि राहिलेले टाके भराभर घातले, सैल पडताहेत की घट्ट हे न बघता. धागा दातांनी तोडला. प्रांजलला जवळ ओढून पाँचो तिच्या डोक्यातून घातला, प्लॅस्टरवरून हलकेच खाली सोडला.

"श्रुतिका, चप्पल घाल. आपण निघू."

"मी गाडी काढतो," नितेश म्हणाला.

"तू येव नको." रागाच्या भरात तिच्या तोंडात मालवणी आली. नवरा गेल्यापासून घरात कोणी बोललं नव्हतं ती. "तू हयच रव."

आई इथेच राहायला सांगतेय, हे नितेशला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "आई, काय बोलणारेस तिकडे? हे बघ, एकदाच झालं ना यार. मी काय रोज मारतो का? पोलिसांपर्यंत गेलं तर नोकरी जाईल. वाट लागेल माझी!"

"लागू दे."

"पोटच्या पोराबद्दल बोलतेयस तू!"

"ती कोणाच्या पोटची?" माणिकचा आवाज इतका चढला, की शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला. "हात मोडलास तो मोडलास. वर तिच्याच तोंडून कबुली घेतोस? तिला माफी मागायला शिकवतोस?"

तो दाराकडे सरकला. माणिक त्याच्या समोरून गेली, खांद्याला खांदा घासून. मागोमाग प्रांजलला कडेवर घेऊन श्रुतिका. लिफ्ट येईपर्यंत कोणी मागे वळून पाहिलं नाही.

रिक्षात श्रुतिका एकदाच बोलली, "आई, तुम्ही नक्की..." माणिकने तिचा ओला हात दाबून धरला.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी पाँचो वर करून बोटांची सूज पाहिली, बोटं हलवायला लावली. मग स्टूल पुढे ओढून प्रांजलच्या उंचीला आल्या.

"काय झालं होतं गं तुला?"

प्रांजलने पाय जुळवले. "मी पलंगावर..."

"थांब बाळा," माणिक म्हणाली. "तू नको सांगू. ते माझं काम आहे." मग ती डॉक्टरबाईंकडे वळली. "ती पडली नाही. बापाने हात पिरगळला. मी समोर होते. त्या दिवशी इथे आले, तेव्हा गप्प राहिले."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी श्रुतिकाकडे पाहिलं. श्रुतिकाने मान हलवली, दोनदा.

"आजी, मी हे लिहिलं की पोलिसांना कळवावं लागेल. माहीत आहे ना तुम्हाला?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. श्रुतिकाकडे पाहत त्यांनी विचारलं, "तुम्ही यांच्या आई का?"

"नाही. त्याची," माणिक म्हणाली. "नाव लिहा, नितेश. मीच ठेवलंय."