एकेचाळीस कामगार

"ताई, डॉक्टरांनी भरवशाचा कागद आणायला सांगितलाय. हा चालत नाही म्हणे," डोंका म्हणाली आणि फॅक्टरीनं दिलेलं पत्रक तिनं ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवलं.

ग्रंथपाल स्नेझानानं चष्मा लावला. बल्गेरियातल्या त्या लहानशा गावात इंग्रजी धड वाचणारी ती एकटीच, म्हणून लोक औषधांच्या चिठ्ठ्यांपासून जर्मनीतल्या मुलांच्या नोकरीच्या करारांपर्यंत सगळं तिच्याकडे आणत. पत्रकावर पावडरीचं नाव होतं. त्याखाली चौकटी. श्वासावाटे परिणाम : माहिती उपलब्ध नाही. दीर्घकाळ संपर्क : माहिती उपलब्ध नाही. पानभर हेच.

"माहिती नाही म्हणजे धोका नाही, असं म्हणतात फॅक्टरीतले," डोंका म्हणाली.

"हो का? मग देवाघरी गेलेल्यांचीही काही तक्रार येत नाही," स्नेझाना पुटपुटली आणि संगणकाकडे वळली.

डोंकाचा नवरा लाचेझार खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. पायऱ्या चढून आल्याला दहा मिनिटं झाली तरी त्याचा दम खाली बसला नव्हता. नऊ वर्षं त्यानं ती पावडर पिंपातून यंत्रात ओतली होती. खिडकीच्या काचेला तिचा लेप दिला की पावसानं काच आपोआप स्वच्छ होते. पिंपावर मोठ्या अक्षरात 'नॅनो' लिहिलेलं असे. धूळ इतकी बारीक, की उन्हाच्या तिरिपीतही दिसायची नाही. प्लॉवदिवचे डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसांवर व्रण पडले आहेत, पण ती या पावडरीनंच, हे लेखी दाखवल्याशिवाय समिती कामाचा आजार मानणार नाही. आणि समितीनं मानलं नाही, तर पेन्शन नाही.

पहिल्यांदा सापडली पावडर बनवणाऱ्यांची जाहिरात : हिरवं कुरण, हसणारं बाळ. मग एका बाईचं पान सापडलं. तळपायाला पट्ट्या लावून झोपा, सकाळी शरीरातली सगळी नॅनो धूळ पट्टीवर काळी होऊन येते.

"या पट्ट्या माझ्या बहिणीनं धाडल्यात," डोंका म्हणाली. "काळ्या होतात खऱ्या."

"माझे पाय नुसते पुसले, तरी फडकं काळं होतं," लाचेझार म्हणाला. हसता हसता त्याला ढास लागली आणि दोघी ती थांबायची वाट बघत राहिल्या.

तिसरं पान सरकारी होतं. संशोधन चालू आहे, निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

डोंकानं पिशवी आवरायला घेतली. तेवढ्यात स्नेझाना म्हणाली, "थांब गं. थांब."

पडद्यावर एक शोधनिबंध होता. हीच पावडर, हाच लेप. दक्षिण बल्गेरियातल्या एका फॅक्टरीतल्या कामगारांची तपासणी. यंत्रं किती, शेडला दारं किती, तेही तिनं वाचून दाखवलं.

"आमचीच आहे," लाचेझार उठून जवळ आला. "तीन यंत्रं, दोन दारं. आमचीच."

स्नेझानानं खाली-वर नीट पाहिलं. पैसा फॅक्टरीचा नव्हता. माणसं विद्यापीठातली होती. छापण्याआधी दुसऱ्या दोघांनी तपासलेलं होतं. "हा खरा भरवशाचा कागद," ती म्हणाली आणि एकेक वाक्य लावत वाचू लागली. "एकेचाळीस कामगार तपासले. सगळ्यांची फुप्फुसं..." ती अडखळली. "सगळ्यांची ठीक. बाहेरच्या माणसांत आणि यांच्यात काही फरक आढळला नाही."

"असं कसं?" डोंका ओरडली. "वासिल कसा ठीक? मिलेन जिना चढत नाही, तो कसा ठीक? शेडवर अठ्ठेचाळीस माणसं आहेत, ताई. एकेचाळीसच कशी?"

स्नेझाना शेवटच्या पानावर गेली. तिथं बारीक अक्षरात एक टीप होती. ती वाचून तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तपासणीच्या वेळी तीस दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या रजेवर असलेल्या कामगारांना यात घेतलेलं नाही."

"तपासणी कधी झाली?"

"दोन वर्षांपूर्वी. एप्रिलमध्ये."

लाचेझार टेबलाचा कोपरा धरून उभा होता.

"मार्चच्या शेवटी मारिनोव घरी आला होता," तो सावकाश म्हणाला. मारिनोव म्हणजे शेडचा मुख्य. "स्वतः आला होता. रजेचा कागद घेऊन. म्हणाला, खोकून खोकून बेजार झालायस, लाचो. पस्तीस दिवस घरी बस, पगार पूर्ण मिळेल."

"तुला एकट्यालाच?"

"वासिलला. मिलेनला. खोकणाऱ्या आम्हा सातही जणांना."

स्नेझानानं हलक्या आवाजात विचारलं, "छापून देऊ का हे? नाही दिलं तरी समितीला सापडेलच. यात खोटं एक अक्षर नाही."

डोंका नवऱ्याकडे बघत होती.

"मी त्याला राकिया दिली होती," लाचेझार म्हणाला. दम घेतला. "वडिलांनी गाळून ठेवलेली, जर्दाळूची दारू. दोन्ही बाटल्या दिल्या. फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि त्याच्या हाताचा मुका घेतला, डोंका."