खिडकीतला स्पीकर

"लॅपटॉपवर तर जोडलेला दिसतोय, काका."

"दिसतोय गं. पण काहीतरी बिघडलंय. नीट बघ."

शेजारची सून लॅपटॉपसमोर बसली होती. तिची नोकरी एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, त्यामुळे इमारतीत कुणाचं काहीही बंद पडलं की हिच्याच नावानं हाक. आज तर ऑफिसातून येऊन तिनं चपला काढल्या नाहीत तोच समोरचे पोस्टमास्तर दारात हजर. ब्लूटूथ स्पीकरचं काहीतरी झालंय, आत्ताच्या आत्ता चल! बिचारीला चहा टाकायचीही उसंत मिळाली नाही.

तिनं लॅपटॉपवर एक गाणं लावलं. खिडकीच्या कट्ट्यावरचा स्पीकर खणखणीत वाजला.

"वाजतोय की!"

"थांब जरा. कनेक्शन तुटेल आत्ता."

गाणं संपलं. दुसरं लागलं, तेही संपत आलं. तुटायचं नाव नाही. पोस्टमास्तर आपले खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. आयुष्यभर ज्यांनी रांगेतल्या लोकांना धीर धरायला सांगितलं, त्यांना स्वतःला मात्र एक क्षण बसवत नव्हतं.

"अहो, टेका की जरा," काकू वैतागल्या. "पायाला भिंगरी लागल्यासारखं काय चालवलंय!" मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "काय सांगू तुला. मी स्वयंपाकघरात असते, मला इथलं काही नीट कळत नाही. पण गेला महिनाभर रोज संध्याकाळी यांचं तेच. गाणं मध्येच बंद पडतं, आणि हे लगेच खिडकीत जाऊन उभे. रेंज बघतो म्हणे! थोड्या वेळानं आपोआप सुरू होतं."

"रोज संध्याकाळीच?"

"संध्याकाळीच. पोटचा पोरगा घर सोडून गेला, त्याची कधी एका शब्दानं चौकशी नाही. पण हा डबा बंद पडला की जीव खालीवर!"

पोस्टमास्तर पुन्हा खिडकीशी गेले.

पोराची गोष्ट सगळ्या इमारतीला ठाऊक होती. चांगली कारकुनाची नोकरी सोडून त्यानं कार्यक्रमांना साउंड लावायचं काम धरलं. "लाउडस्पीकरवाला होणार?" म्हणून बाप कडाडला. शब्दानं शब्द वाढला. "मग या घरात पाय ठेवायचा नाही!" हे वाक्य तर तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं. पोरगा बॅग घेऊन निघाला, तो गेलाच. पाय ठेवू नको म्हटलं ना, मग नाही ठेवला. हट्टाच्या बाबतीत अगदी बापावर गेला होता.

सुनेनं कामाला सुरुवात केली. ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू केलं. लॅपटॉप रीस्टार्ट केला. ड्रायव्हर अपडेट केला. स्पीकरची बॅटरी बघितली, ती भरलेली होती. दर वेळी स्पीकर 'टिंग' करून मुकाट्यानं जोडला जाई. आणि दर वेळी पोस्टमास्तरांचा चेहरा आणखी उतरे.

"लांब असल्यामुळेही होतं कधीकधी," ती म्हणाली. "इकडे टेबलावर ठेवते मी."

"तिथून हलवायचा नाही!"

ती दचकली. "बरं, राहू दे. मग शेवटचा उपाय. रीसेट करते. आजवर हा ज्या ज्या फोनला जोडला असेल ते सगळं पुसलं जाईल, मग नव्यानं..."

पोस्टमास्तर खिडकीकडे धावलेच. त्यांनी स्पीकर उचलून छातीशी धरला.

"पुसायचं नाही काही! खबरदार!"

त्यांचा आवाज फाटला होता. काकू बघतच राहिल्या. नवऱ्याचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, पोरगा गेला त्या दिवशीसुद्धा नाही.

"नाही पुसत, काका," सून हळूच म्हणाली. तिला त्यांची कीव आली, आणि थोडा रागही. डोकं दुखत होतं, चहा राहिला होता. "पण हा मुळात कुणाचा?"

"पोराचा," काकू म्हणाल्या. "पहिल्या पगारात हौसेनं आणला होता. दिवसभर कानाशी गाणी."

"म्हणजे त्याचा फोन याला जोडलेला असणार. मग बरोबर! काही स्पीकर असेच असतात. जुना फोन जवळपास आला, की लॅपटॉपला सोडून त्याला धरतात."

"अगं, पण तो कुठला जवळपास यायला!" काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "उंबऱ्याला शिवला नाही तेव्हापासून. माझा फोनसुद्धा उचलत नाही. कुठे राहतो, काय खातो, काही कळायला मार्ग नाही."

सून ओशाळली. नको तिथे बोट ठेवलं असं तिला झालं. विषय संपवायला तिनं लॅपटॉप पोस्टमास्तरांकडे फिरवला.

"मग दुसरं काही कारण असेल. पण आता बघा ना, इतका वेळ वाजतोय, एकदाही तुटला नाही. अगदी ठणठणीत आहे. तुमचा बिघाड गेला, काका."

पोस्टमास्तरांनी स्पीकर पुन्हा कट्ट्यावर ठेवला, अगदी कडेला, रस्त्याच्या बाजूला. गाणं चालूच होतं. ते खाली बघत राहिले. समोरच्या दिव्याखालचा बाक रिकामा होता.

"रोज संध्याकाळी तिथे येऊन बसायचा," ते म्हणाले. "या आठवड्यात स्पीकर एकदाही तुटला नाही गं."