वातींचा कापूस

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेर बायकांचा एकच गलका उडाला होता, आणि ज्या नव्या सुनेसाठी हा घाट घातला होता, ती केतकी आतल्या खोलीत कपाटाला टेकून, कान दाबून बसली होती. हलव्याचे दागिने मानेला टोचत होते. असं ऑटिझममुळे होतं, हे डॉक्टरांकडून कळून तिला महिनाच झाला होता. सासूबाईंना कसं सांगणार?

तेवढ्यात सासूबाईच दार लोटून आत आल्या. हातात नेहमीची कापसाची टोपली. लग्न असो, बारसं असो, त्या कोपऱ्यात वाती वळत बसायच्या.

"आई, मी नाटक नाही करत," केतकी रडवेली झाली. "मला आवाज सहनच होत नाहीत."

सासूबाईंनी तिच्या गळ्यातला हलव्याचा हार काढला आणि हातात कापूस दिला. "माझ्याशेजारी येऊन बस. हात गुंतले की गलका जरा लांब जातो. वर बघावं लागत नाही, बोलावं लागत नाही."

"पण बायका नावं ठेवतील."

"छे! 'किती देवाचं करते' म्हणतील," नेहमीसारखी नजर चुकवत त्या म्हणाल्या. "मला इतकी वर्षं तेच म्हणतायत."