हत्तीचं पोट

पाळण्याचं गाणं अर्ध्यावर असतानाच विद्याधरकाकांनी बाळाजवळचा फेल्टचा हत्ती उचलला आणि सगळ्यांदेखत त्याचं पोट उसवलं.

रक्तदाबासाठी डॉक्टरांनी त्यांना शांत छंद लावून घ्यायला सांगितलं होतं. म्हणून त्यांनी शिवणकाम धरलं. पुतणीच्या बाळासाठी शिवलेल्या हत्तीला शेवटचा टाका घालूनच ते बारशाला आले, आणि मग आठवलं, की सुई डबीत परत ठेवलीच नाही.

कापूस बाहेर आला, सोंडही सुटली, पण सुई मिळेना. काकांना घाम फुटला. "अहो, सापडेल," म्हणत पुतणीच्या सासऱ्यांनी त्यांना मिठी मारली आणि तेच किंचाळले.

सुई काकांच्या झब्ब्यालाच टोचलेली होती. सासरे छाती चोळत राहिले. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिथेच बसून हत्ती पुन्हा शिवला.

"काका, सोंड मागे लागली," पुतणी म्हणाली.

"असू दे. टोचत नाही ना?"