सात सेकंद उशिरा

धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याच्या जुन्या कन्सोलवरचे एकोणतीस गेम संपवायचे राहिले होते. सगळेच्या सगळे लाइव्ह संपवून दाखवीन, असं तो प्रेक्षकांना सांगून बसला होता. ते काम त्याच्या ताईनं अंगावर घेतलं. आज शेवटचा गेम होता. तो संपला की भावासाठी करण्यासारखं काहीच उरणार नव्हतं.

आई स्वयंपाकघरात मोबाइलवर ते लाइव्ह प्रक्षेपण बघायची. खेळ आणि कोपऱ्यातल्या चौकटीत ताईचा चेहरा, दोन्ही तिला सात सेकंद उशिरा दिसत. ताई खेळात खड्ड्यात पडली, की तेवढ्या वेळानं आतून आवाज येई, "पडलीस ना गं? तुझं आपलं नेहमीचंच."

आज आतून आवाज आला, "पडलास ना रे?"

ताई अजून पडली नव्हती. सात सेकंदांनी ती पडली.

आईची जीभ घसरली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण पुढच्या खड्ड्यालाही तसंच झालं. आधी आईचा आवाज, मग पडणं.

गेममधल्या शेवटच्या दारापाशी ताईनं कंट्रोलर खाली ठेवला; ते उघडलं की गेम संपणार होता. ते दार उघडायला तिचा हात धजेना.

"संपवलास रे बाबा एकदाचा," आई म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिच्या आवाजात हसू होतं. टीव्हीवर दार बंदच होतं.

मग आईचा आवाज उतरला. "पण ताईला का रडवलंस रे? बघ, कशी रडतेय."

ताईनं गालांवरून हात फिरवला. गाल कोरडे होते, अजून तरी.