रिकामी खोली

ती कामावरून आली तेव्हा मागच्या खोलीत पंख्याचा आवाज नव्हता. आई घामाने निथळत पडली होती. उशीसुद्धा ओली.

ती खाटेजवळ पोचली तसं वर टिक झालं आणि पंखा आपोआप फिरू लागला. तिने आईला पाणी पाजलं, मान पुसली आणि बैठकीत गेली.

नवरा त्याच्या कॉलेजच्या काळातल्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. माळ्यावर धूळ खात पडलेलं ते धूड त्याने जिवंत केलं, घरातले सगळे दिवे-पंखे त्याला जोडले आणि भिंतीवरची बटणं काढून टाकली. तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत दोन ओळी होत्या. मागची खोली: रिकामी. मागची खोली: माणूस आला.

"हा माणूस म्हणजे मी," ती म्हणाली. "त्याआधी तिथे कोण होतं?"

"छतावरच्या सेन्सरला हालचाल दिसली नाही की तो खोली रिकामी धरतो. उगाच वीज कशाला जाळायची?" त्याने मान वळवली नाही. "आईंना सांगितलंय मी, अधूनमधून हात हलवत जा. तेवढाच व्यायाम."

पक्षाघातानंतर आईचा एकच हात हलत होता. तोही मनगटापुढे.

"उठा," ती म्हणाली. दंडाला धरून तिने त्याला मागच्या खोलीत नेलं, खाटेशेजारच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दाराबाहेर उभी राहिली. "आता हलायचं नाही. डास चावला तरी."

"अगं, हा काय पोरखेळ लावलायस?"

"तोंडसुद्धा नाही."

तो हसला. ती हसत नव्हती, म्हणून थांबला. पाव तासाने पंखा बंद पडला.

खोली तापत गेली. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला, भुवईतून डोळ्यात. त्याने हात उचलला.

"हात खाली."

त्याने खाली घेतला. त्या हालचालीने पंखा नुकताच फिरू लागला होता, तो पुन्हा थांबेपर्यंत ती दारातून हलली नाही. तोही हलला नाही.

मग खाटेवर चादर सळसळली. आईचा पंजा मनगटातून कसाबसा वर आला आणि हवेत थरथरत राहिला. टिक झालं. पाती फिरू लागली.

"जावई घामाघूम झालेत गं," आई अडखळत म्हणाली.

त्याने मान खाली घातली. ती आत आली, आईचा हात धरून चादरीवर ठेवला आणि तसाच धरून ठेवला.

"बटणं कुठे ठेवलीत?" तिने विचारलं.